न्यू जर्सीचे बारा बलुतेदार

आप्पामामांना कुणी नाव सांगितलं की त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘म्हणजे काय?’ समोरच्याला अर्थ माहीत असला तर मामा हिरमुसतात. माहीत नसला तर खुर्ची पुढे ओढतात. एकदा मुलगी बघायच्या कार्यक्रमात त्यांनी ‘अनन्या’ हा समास सोडवून दाखवला होता. आठ दिवसांनी तिकडून नकार आला. तो मुलाला होता की समासाला, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

स्वतः मामा आडनावाने पोतदार. पोतदार म्हणजे नाणी पारखून घेणारा, तिजोरीवरचा माणूस. मामांनी 36 वर्षं बँकेत कॅशमध्ये काढली, त्यामुळे ‘आडनावाला जागलेला मी शेवटचा पोतदार’ हे वाक्य ते निरोपसमारंभाच्या आधीपासून म्हणत आले आहेत. त्यांच्या खिडकीसमोरची रांग जिन्यापर्यंत जायची. नोटा ते झटपट मोजत, पण मध्येच विचारत, ‘पारसनीस का? म्हणजे फारसी पत्रव्यवहार तुमच्याकडे!’ ज्यांच्याकडे फक्त विजेचं बिल भरायचं राहिलं होतं, असे पारसनीस गोंधळून जात.

पुण्यात सकाळी फिरायला मामांबरोबर एक जोशी असतात. निवृत्त मुख्याध्यापक. मामांचा कोणताही मुद्दा ते मान हलवून ऐकून घेतात आणि शेवटी म्हणतात, ‘ते खरं हो पोतदार, पण जगात कुठंही जा, जोशी सापडतोच!’ या वाक्याला मामांना बारा वर्षांत उत्तर सापडलेलं नाही.

तर असे आमचे मामा गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे न्यू जर्सीला आले. मी तिथून दहा मिनिटांवर राहतो, म्हणजे घटनास्थळी होतो. नातवाचा पाचवा वाढदिवस होता. रिटर्न गिफ्टच्या पिशव्यांवर मुलांची नावं घालायचं बिनधोक काम मामांना दिलं होतं. यादीत होते मेसन, कूपर, कार्टर, पार्कर, हंटर, टेलर आणि हार्पर.

अर्ध्या तासाने मामा चष्मा कपाळावर चढवून स्वयंपाकघरात आले. ‘अगं, ही वाढदिवसाची यादी आहे की गावकीची?’

पिशव्यांवर इंग्रजी नावाखाली त्यांनी देवनागरीत खुलासा केला होता. मेसन, गवंडी. कूपर, लाकडी पिंपं बांधणारा. कार्टर, गाडीवान. पार्कर, राजाच्या शिकारी रानाचा राखणदार. हंटर तर उघडच आहे. टेलर, शिंपी. आणि ती दोन वेण्यांची हार्पर म्हणजे हार्प वाजवणारी. तिच्या पिशवीवर ‘बीनकार’ असं सुबक अक्षरात होतं. पोरांच्या आयांना वाटलं की आशीर्वाद लिहिलाय. दोघींनी पिशवीसकट फोटो काढले.

त्या दिवसापासून मामांनी बँकेची जुनी डायरी वहीसारखी वापरायला घेतली. डावीकडे आपले बलुतेदार, उजवीकडे इथली पोरं. बागेत, लायब्ररीत, दुकानात रांगेत उभे असताना ते लहान मुलांच्या हाका ऐकत. शिंपी तर होताच. लेकीच्या ऑफिसातला स्पेन्सर कोठावळे निघाला, कारण स्पेन्सर म्हणजे कोठीतून शिधा मोजून देणारा. कोपऱ्यावरचा फ्लेचर बाण करणारा, म्हणजे तीरगर. डेक्स्टर नावाच्या दांडगट पोराला मामांनी प्रेमाने समजावलं की त्याचं नाव मुळात रंगारणीचं आहे, आणि बॅक्स्टर भेटला तर तो भटारीण. जुन्या इंग्रजीत ‘स्टर’ हे शेपूट बायकांच्या धंद्याला लागायचं. डेक्स्टरने घरी जाऊन हे सांगितलं असावं, कारण त्याचा बाप नंतर आमच्याकडे बघून हात करेनासा झाला.

एका संध्याकाळी बागेत मामांनी ‘कूपर!’ अशी हाक मारून पाहिली. एक मुलगा वळला आणि तीन कुत्रे आले. कुत्र्यांतही हे नाव चालतं, हे मामांना नवीन होतं. ‘गावात पिंपवाले फार झाले,’ ते म्हणाले.

अमेरिकन सरकारच्या सोशल सिक्युरिटी खात्याकडे 1880 पासूनच्या जन्मांची नावं वर्षवार, क्रमांकासह आहेत, हे मी त्यांना दाखवायला नको होतं. त्या रात्री मामा झोपले नाहीत. टायलर, म्हणजे कौलं घालणारा, 1990च्या दशकात मुलांच्या पहिल्या दहांत होता. त्याच दशकात शिंपी मुलींच्या पहिल्या दहांत शिरला. 2011 साली गवंडी देशात दुसरा! मामांना वाटलं, कुठेतरी मोठं बांधकाम निघालं असेल. कारण निघालं टीव्हीवरच्या कोणा कोर्टनी कार्डाशियनचं. तिने 2009 च्या डिसेंबरात झालेल्या मुलाचं नाव मेसन ठेवलं आणि आधीच चढणीला लागलेलं नाव एकदम उसळलं. ‘बांधकाम नाही, काही नाही,’ मामा उदास होऊन म्हणाले. ‘नुसतं बाईच्या घरी बारसं.’

मूळ इतिहास मात्र त्यांना आवडला. इंग्लंडात गावोगाव जॉन आणि विल्यम इतके माजले की कोणता जॉन हे सांगायला धंदा जोडावा लागला. पुढे कर वसूल करणाऱ्यांच्या याद्यांत तो लिहिला गेला आणि बापाचा धंदा सोडला तरी मुलाला चिकटून राहिला. ‘वसुली असल्याशिवाय कागद नीट होत नाहीत,’ मामातला कॅशियर खूश झाला. डोईपट्टीविरुद्ध 1381 साली शेतकऱ्यांचं बंड झालं, त्याचा पुढारीही वॉट टायलर, कौलं घालणाराच. मग बड्या घरांतून आडनावच मुलाचं पहिलं नाव म्हणून ठेवायची चाल पडली. 1605 साली विल्यम कॅम्डेनने ती नोंदवून ठेवली आहे. म्हणजे आधी जमीन असलेल्या माणसांनी आडनावं पुढे आणली आणि मागून सगळ्यांनी.

स्ट्युअर्टपाशी मामा थबकले. स्ट्युअर्ट म्हणजे कारभारी. स्कॉटलंडच्या राजाचे वंशपरंपरेचे कारभारी होते, ते शेवटी राजेच झाले. ‘आपल्या पेशव्यांनी एवढी एक पायरी गाळली,’ मामा म्हणाले. मी आठवण करून दिली की आपल्याकडे कारभारी हे नुसतंच नाव म्हणून चालतं. नगरकडे दर दोन गावांत एक कारभारी भेटतो. त्यावर मामांनी मला प्रथमच चहा विचारला.

पण डायरीच्या डावीकडे जागा रिकाम्या होत्या. लोहार सापडेना. स्मिथ हे अमेरिकेतलं सगळ्यांत जास्त लोकांचं आडनाव, आणि पोराला स्मिथ म्हणून हाक मारणारी एक आई भेटेना. सुतार नाही, न्हावी नाही. ‘लोहार-सुताराशिवाय गाव चालवतात कसे हे?’

माझं म्हणणं मी त्यांना सांगितलं. ज्या धंद्याचा माणूस रोज दारात येतो, त्याचं नाव कुणी पोराला ठेवत नाही. प्लंबर नावाचं बाळ जन्मणार नाही. त्याचं बिल नुकतंच आलेलं असतं. पिंपवाला, तीरगर, मेणबत्तीवाला चॅंडलर हे कुणी पाहिलेलेच नाहीत, म्हणून त्यांची नावं गोड लागतात. गवंडीसुद्धा इथे क्वचितच दिसतो. आमच्या गल्लीतली सगळी घरं लाकडाची, विटा काय त्या धुराड्याला.

मामा बराच वेळ डायरी बघत बसले. ‘आणि आपल्याकडे? परीट किंवा कुंभार असं नाव हौसेने कोण ठेवेल?’

‘नाही ठेवणार.’

‘त्यांचा शिंपी सहाशे वर्षांत कपडे झटकून उठला. टेलर ऐकून कुणाला सुई आठवत नाही. आपण मात्र अजून आडनाव विचारतो ते धंदा कळावा म्हणून नाही,’ एवढं म्हणून मामांनी डायरी मिटली. रांगेतल्या पारसनिसांना ते आठवत असावेत.

मामांची परतीची तारीख जवळ आली तेव्हा शेजारची मेसनची आई भेटायला आली. तिला आठवा महिना लागला होता. मामा नावांवर काहीतरी संशोधन करतात हे तिच्या कानावर होतं. दुसऱ्या मुलासाठी तिला असंच एखादं धंद्याचं, पण कुणाकडे नसलेलं नाव हवं होतं. तुमच्याकडचं चालेल, म्हणाली.

मामांनी खुर्ची पुढे ओढली. छत्तीस वर्षं कॅशमध्ये काढली, पण असा ग्राहक आला नव्हता. पहिल्यांदा त्यांनी अर्थातच ‘पोतदार’ सुचवलं. ती हसू दाबत लाल झाली. पॉट म्हणजे गांजा, आणि इथे त्याची दुकानं 2022 पासून उघडपणे चालतात, हे लेकीने मामांच्या कानात सांगितलं. मामांनी घाईघाईने कुलकर्णी काढलं. ती दुसऱ्या अक्षरावरच अडखळली. चिटणीस तिला शिंकेसारखं वाटलं. देशपांडे ऐकून तिने पोटावर हात ठेवला. कारभारी आवडलं, पण नवरा म्हणेल की यात ‘कार’ आहे.

मामा घामाघूम. डायरी चाळताना तिची नजर डावीकडच्या एका ओळीवर गेली. देवनागरी तिला येत नव्हती, म्हणून तिने बोट ठेवून विचारलं, हे काय? मामांनी नाइलाजाने वाचून दाखवलं. ग्रामजोशी. पंचांग सांगणारा, मुहूर्त काढणारा.

‘जोशी,’ ती म्हणाली. मग पुन्हा, हळूच, ‘जोशी!’ जॉशसारखं, पण जॉश नाही. आकाशातले तारे वाचणारा! तिने तिथूनच नवऱ्याला फोन लावला. पलीकडून तो तीनदा ‘आय लव्ह इट’ म्हणाल्याचं आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

ती गेल्यावर मामांनी उजवीकडच्या रिकाम्या जागेत पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं आणि बारीक अक्षरात नोंद केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘हे बघ, यातलं एक अक्षर पुण्याला कळता कामा नये.’