केवढ्याचं घ्यायचं?

दुसरीतल्या पोराच्या वाढदिवसाला केवढ्याचं गिफ्ट न्यावं, याचं जाहीर उत्तर अक्कलकोटात अजून कुणी दिलेलं नाही. खासगीत मात्र प्रत्येक घराचा एक आकडा ठरलेला असतो आणि तो शेजारच्या घराचा आकडा बघून ठरलेला असतो. आमच्या घरचा दीडशे आहे. दीडशेच का, तर शंभर म्हटलं की चिक्कूपणा दिसतो आणि दोनशे म्हटलं की पुढच्या वेळी एकशे नव्वद देता येत नाहीत. दीडशेत माणूस कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

वर्गात चाळीस पोरं धरा. निम्म्यांनी बोलावलं तरी वीस वाढदिवस, म्हणजे वर्षाचे तीन हजार. त्यातलं थोडंफार रिटर्न गिफ्टच्या रूपाने घरी परत येतं. पिझ्झाच्या आकाराचं खोडरबर येतं, त्याने काही खोडलं जात नाही, नुसतं काळं पसरतं. डोक्यावर प्लास्टिकचा घोडा असलेली पेन्सिल येते, ती लिहिताना मागच्या बाजूला कलंडते. कधी शिट्टी येते. शिट्टी वाटणाऱ्या पालकांबद्दल माझं मत वेगळं आहे, ते इथे नको.

माझ्या वडिलांच्या पिढीला ही अडचण नव्हती. त्यांचा वाढदिवस १ जून. त्यांच्या बाकावरच्या मित्राचा १ जून आणि मागच्या बाकावरच्या दोघांचाही १ जूनच. जूनमध्ये शाळा भरायची, नाव घालायला आणलेल्या पोराची जन्मतारीख घरात कुणाला ठाऊक नसायची, ‘दुष्काळ पडला त्याच्या पुढच्या पोळ्याला झालाय’ एवढ्या माहितीवर गुरुजी वय बसवायचे आणि १ जून टाकून मोकळे व्हायचे. महाराष्ट्रातल्या किती आजोबांच्या दाखल्यांवर ही तारीख सापडते! सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी, तोही शाळा उघडायच्या आधी. कोण कुणाला काय देणार?

आमच्या वेळेपर्यंत तारखा खऱ्या झाल्या होत्या, पण गिफ्ट नव्हतं. सकाळी आई ओवाळायची, नवा शर्ट घालून शाळेत जायचं आणि लिमलेटच्या गोळ्या वाटायच्या. पोरांना एकेक, बाईंना दोन, जिवलग मित्राला बाईंच्या नकळत तीन. वाढदिवस ज्याचा, देणारा तोच. घेणाऱ्यांनी हात पुढे करायचा, गोळी तोंडात टाकायची आणि विषय संपायचा. हे सगळं उलटं कधी झालं ते माझ्या लक्षातच आलं नाही.

देण्याघेण्याचा हिशेब तसा आपल्याला नवा नाही. आमच्याकडे आत्याच्या लग्नातली आहेराची वही अजून जपून ठेवलेली आहे. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, दुकानदार वापरतात तसली. डाव्या बाजूला नाव नि गाव, उजवीकडे रक्कम किंवा वस्तू. मैंदर्गीचे मामा, पातेलं १, झाकणासह. दुधनीचे आडत दुकानवाले, रुपये ११. वागदरीचे पाव्हणे, टॉवेल-टोपी. एका नावापुढे तर आजोबांच्या वळणदार अक्षरात नुसतंच लिहिलंय, ‘जेवून गेले’. त्या घराण्याची पुढची पिढी आजही समोरून आली की मला ते दोन शब्दच दिसतात.

मांडवात कर्ण्यावरून आहेराचा पुकाराही व्हायचा. अमक्यांकडून एकवीस रुपये, तमक्यांकडून स्टीलचा तांब्या. ऐकायला ओशाळवाणं वाटतं, पण माझ्या मते त्यात मोठी सोय होती. आकडा चारचौघांत असायचा. उद्या त्यांच्या घरी लग्न निघालं की वही काढायची, अकराचे एकवीस करायचे आणि रात्री निवांत झोपायचं. वरचा एक रुपया विसरायचा नाही. आकडा शून्यावर संपला तर संबंधही संपतो, असं आमची आज्जी म्हणायची.

आता वही गेली. हिशेब मात्र गेला नाही, तो डोक्यात जाऊन बसला आणि त्यावर पांघरूण घालायचं काम वाढलं. आमच्या घरी गिफ्ट आणलं की पहिला अर्धा तास किमतीचं स्टिकर काढण्यात जातो. आधी नखाने कोपरा उचलायचा. वरचा पापुद्रा निघतो, खालचा चिकटून राहतो. मग ओलं फडकं, मग खोबरेल तेलाचं बोट. शेवटी आकडा जातो, पण खोक्यावर एक तेलकट चौकोन उरतो. म्हणजे इथे किंमत होती आणि ती लपवली, हे न सांगता कळतं. एकशे पन्नास असं लिहिलेलं राहिलं असतं तर बघणाऱ्याने एकशे पन्नासच वाचलं असतं. चौकोनाकडे बघून तो नव्वदसुद्धा समजू शकतो.

मार्सेल मोस नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने १९२५ साली भेटींवर एक मोठा निबंध लिहिला. वरवर भेट खुशीची दिसते, पण द्यावं लागतं, घ्यावं लागतं आणि फेडावंही लागतं, असं त्याचं म्हणणं. त्यासाठी त्याने जगभरातली उदाहरणं गोळा केली. मैंदर्गीच्या मामांचं पातेलं बघितलं असतं तर एवढा खटाटोप वाचला असता. त्यातलं एक उदाहरण मात्र मला फार आवडतं. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आदिवासींमध्ये पॉटलॅच नावाचा समारंभ असे. यजमान पाहुण्यांना भरभरून वाटायचा आणि जितकं वाटेल तितका त्याचा मान मोठा. सरकारला ही उधळपट्टी वाटली. १८८५ पासून तिथे पॉटलॅचवर कायद्याने बंदी आली, ती पार १९५१ पर्यंत राहिली. लोक तरीही चोरूनमारून करतच राहिले.

आमच्या पालकांच्या ग्रुपवरही एकदा बंदी आली होती. ‘कृपया गिफ्ट आणू नये, आपले आशीर्वाद हेच गिफ्ट.’ खाली तीस-एक हात जोडलेले. संध्याकाळी सगळे आशीर्वाद घेऊन आले आणि प्रत्येकाच्या हातात पिशवीपण होती. ‘हे गिफ्ट नाही ओ, सहज आणलंय,’ असं म्हणत एका बाईंनी हातभर लांबीचा ट्रक टेबलावर ठेवला. जे खरोखर रिकाम्या हातांनी आले होते ते केक कापेपर्यंत भिंतीला टेकून उभे होते. लग्नपत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापलेलं असतं तेव्हाही खिशात पाकीट ठेवून जायचं असतं, हे त्यांना घरच्यांनी सांगायला हवं होतं.

आणि हे सगळं कुठे, तर आमच्या गावात. स्वामींच्या दर्शनाला आलेली हजारो माणसं इथे रोज अन्नछत्रात जेवतात. १९८८ पासून त्या पंगती चालू आहेत. वाढणारा कुणाला विचारत नाही, काय आणलंत म्हणून. ज्याला वाटेल तो पावती फाडतो. फाडली म्हणून त्याच्या ताटात जास्त भात पडत नाही. पुण्या-मुंबईचे पाव्हणे आले की आम्हीही त्यांच्याबरोबर तिथे बसतो, पोटभर जेवतो, हात धुतो आणि घरी येऊन एकशे चाळीसची रंगपेटी घ्यावी की एकशे साठची, यावर नवरा-बायको तासभर वाद घालतो.

लेकीचं निरागस मत विचारावं म्हणून एकदा तिच्याकडे वळलो. तिचा हिशेब आमच्याहून पक्का निघाला. मैत्रिणीला काय द्यायचं म्हटल्यावर ती म्हणाली, “मला पाहिजे असलेला किचन सेट.” म्हटलं, अगं, तिचा बड्डे आहे. तर म्हणे, “तिला रंगपेटी दिली तर ती एकटी रंगवणार. किचन सेट दिला तर मला खेळायला बोलवावंच लागेल.”

तेव्हा किचन सेट घ्यायला निघालो. गुरुवार होता, देवळाकडच्या दुकानांत यात्रेकरूंची गर्दी, तिथे भाव करायची सोय नाही. म्हणून आमच्या नेहमीच्या स्टेशनरीवाल्या अण्णांकडे गेलो. दीडशेपर्यंतचा दाखवा म्हटलं.

“कुणाचा बड्डे ओ?”

नाव सांगितलं. अण्णांनी सेट काढायच्या आधी मान मागे वळवली आणि माळ्यावर चढलेल्या पोऱ्याला कानडीत विचारलं, की त्यांनी ह्यांच्या पोरीला नेलं होतं ते कितीचं?

“नूरा एंबत्तु,” वरून आवाज आला.

“एकशे ऐंशी,” अण्णा मला म्हणाले, जणू मला तेवढं कानडी कळत नाही. “दीडशेचं कसं चालंल? दोनशेचा न्या की. पुढच्या महिन्यात ते येतील, त्यांना मी सांगतो तुम्ही दोनशेचं दिलं म्हणून.”

मी दोनशे दिले. अण्णांनी खोकं पुढ्यात घेतलं, गिफ्ट पेपर कापला आणि अंगठ्याचं नख स्टिकरला लावून माझ्याकडे बघितलं.

“काढू?”

“राहू द्या की ओ,” म्हटलं.