वसंताची झाडलोट

परदेशी बागकामाच्या पुस्तकाच्या भरवशावर मी नागावच्या वाडीत वसंत आणायला निघालो. त्यातली पहिलीच सूचना होती : शेवटचं हिम पडून जाईपर्यंत थांबा. मी थांबलो. माघ सरत आला, पंखा तीनवर गेला, तरी हिमाचा पत्ता नाही. बहुधा रात्री येऊन गेलं असावं असं धरून कामाला लागलो.

त्या दिवसांत आमच्या अलिबाग तालुक्यात लोक पेरत नाहीत, काढतात. कार्ले-खंडाळ्याकडे पांढरा कांदा उपटून त्याच्या वेण्या बांधायचं काम चालतं. 2022 साली भौगोलिक मानांकन मिळालेला हाच तो कांदा. वालाच्या शेंगा संपत येतात, आंबा मोहोरलेला असतो. पण आमच्या पुस्तकात कांदा नव्हता, ट्यूलिप होते.

दुसरी सूचना : बाग लख्ख झाडून घ्या. ही मला मनापासून पटली. निवृत्त माणसाला हुकूम सोडायला एवढं एकच खातं उरलेलं असतं. आमची वाडी नागावातल्या कुठल्याही वाडीसारखी. वर नारळ, मध्ये पोफळी, खाली केळी आणि अळू, आणि जमिनीवर झावळ्या-पाचोळ्याचा जाड थर. माणसं लावून तो सगळा उपसला. वाडी इतकी स्वच्छ झाली की शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, "भाऊ, मांडव कुणाच्या लग्नाचा?"

मी पुस्तक दाखवलं. त्यांनी ते न उघडता परत दिलं आणि म्हणाल्या, "कचरा टाकायचाच असेल तर आमच्या वाडीत टाका." मला त्यांची दया आली. मजुरी देऊन गाडीभर झावळ्या त्यांच्याकडे पोचवल्या. उरलेल्या झावळ्या पोरांनी होळीला नेल्या आणि बोंब माझ्याच दारात येऊन मारली.

मग ऊन तापलं. उघड्या पडलेल्या आळ्यांतलं पाणी दुपारपर्यंत उडून जायला लागलं. मी पंपाचा वेळ वाढवला, आणखी वाढवला. किनाऱ्यालगतच्या वाळूत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. वरची पातळी 1 फूट उतरली की खालचं खारं साधारण 40 फूट वर सरकतं, असा हिशेब आहे. हा हिशेब मी नंतर वाचला. आधी तो चहात उतरला. "साखरेच्या डब्यात काय भरलंयत?" असं सौ.नी विचारलं तेव्हा मी डबाही चाटून पाहिला. डबा निर्दोष होता. विहीर मचूळ झाली होती.

मिरचीच्या पानांच्या कडा जळाल्या, घेवड्यानं मान टाकली. नारळ तेवढे खुशीत. त्यांना थोडं मीठ मानवतं, लावतानाही खड्ड्यात मीठ घालतात. म्हणजे एवढ्या उपद्व्यापात ज्याला माझी गरज नव्हती त्याचीच सेवा घडली. कोवळ्या पोफळींच्या खोडांवर मात्र नैर्ऋत्येच्या उन्हानं पिवळे-तपकिरी चट्टे उठले.

काकू येऊन बघून गेल्या. "पंप सकाळीच, तोही थोडा थोडा वेळ. आळी झाकून टाका. आणि पोफळीच्या खोडांना झावळ्या बांधा, भाऊ."

"झावळ्या कुठून आणू?"

त्यांनी आपल्या वाडीकडे बोट दाखवलं. तिथे माझा पाचोळा गुडघाभर पसरला होता आणि त्याखालची माती ओली होती. पैसे घ्यायला त्या तयार होईनात. "शेजारधर्म आहे," म्हणाल्या, "फक्त वाहून न्यायची मजुरी तेवढी तुमची."