संध्याकाळी या

"याले कोनं हात लावला होता जी?"

गाडी अजून स्टँडवर लागलेली नसते, तोच मिस्त्रीचा हा प्रश्न येतो. आवाज असा की, चांगलं धडधाकट लेकरू आपण भलत्याच वैदूकडं नेऊन बिघडवून आणलंय. यावर गप्प राहायचं असतं. खरं उत्तर 'तुम्हीच, मागच्या महिन्यात' असं असलं, तरीही.

नागपुरात घरटी एक मिस्त्री असतो. दुकान म्हणजे दहा बाय दहाची खोली, पण सगळं काम बाहेर, कडुनिंबाखाली. खोलीत नटबोल्टांचे डबे, देवाचा फोटो आणि दोन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर. (या कॅलेंडरकडं मी वेळीच लक्ष द्यायला हवं होतं. ते पुढं येईलच.)

तपासणी पाहण्यासारखी असते. मिस्त्री मोठा पेचकस घेतो, टोक इंजिनावर टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि डोळे मिटतो. चौकात ट्रकचे हॉर्न, शेजारी रसवंतीचा घुंगरू, वर कावळे. त्याला काही ऐकू येत नाही. फक्त इंजिन ऐकू येतं. "काई नाई. कव्हरचा नट ढिला हाय." दोन आटे आवळतो आणि हात पुसतो.

"किती झाले?"

"याचे काय पैसे घ्याचे जी?"

आणि इथंच गिऱ्हाईक हादरतं. पैसे घेतले नाहीत म्हणजे याला बिघाड सापडलाच नाही! आमचे एक शेजारी अशा फुकट निदानानंतर सरळ दुसरीकडं गेले, अठराशे रुपये मोजून आले आणि त्या रात्री शांत झोपले. गाडीचा आवाज तेव्हाही नव्हता, आताही नाही. पण आता त्यांच्याकडं बिल आहे.

मीही काही वेगळा नाही. मागच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या वर असताना, कारचा एसी रुसला. मी एका चकचकीत ठिकाणी गेलो. तिथं सोफा होता, कॉफी होती, टॅब घेतलेला पोरगा होता. त्यानं गाडीकडं न बघता टॅबकडं बघून सांगितलं, "सर, गॅस संपलाय." आकडा ऐकून मीच गार झालो, तेवढाच काय तो थंडावा. मग गाडी कडुनिंबाखाली आणली. मिस्त्री सीटवर बसला, समोरचा कप्पा काढला आणि मागून एक जाळी ओढली. तिच्यात सिमेंट रस्त्याची धूळ, निंबाचा पाला आणि उंदरानं कुरतडलेली एक लग्नपत्रिका निघाली. ते लग्न मी चुकवलं होतं.

"एसी थंडच हाय, काकाजी. हवाच येऊन नाई राहिली."

"पण गॅस?"

"गॅस काय घरचा सिलिंडर हाय का संपाले? पाइपातल्या पाइपात फिरते तो. कमी झाला म्हंजे कुठी तरी लीक हाय. लीक न पाहता भरला, त अगल्या उन्हाळ्यात भरा पुन्हा."

दर उन्हाळ्यात 'गॅस भरून घेणारे' किती ओळखीचे चेहरे माझ्या डोळ्यांपुढून गेले! जाळीची छापील किंमत अधिक पन्नास रुपये मजुरी, एवढं झालं. आणि मी, सोफ्यावर जीएसटीसकट मुकाट सही करणारा माणूस, त्या पन्नासाचे चाळीस करा म्हणून घासाघीस केली. त्यानं केलेही.

जुना पार्ट हातात ठेवणं हा याचा खास संस्कार. ब्रेक शू बदलला की झिजलेला शू फडक्यात गुंडाळून देवळातल्या प्रसादासारखा देतो. "पाहा, काई राह्यलं का याच्यात?" मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तरी मी तो उन्हात धरून जाणकारासारखी मान हलवतो. असे शू, प्लग, क्लच प्लेटी आमच्या गॅलरीत एका खोक्यात साठल्यात. हे भंगार कशाला, असं बायको विचारते. पुरावा आहे, असं मी सांगतो.

नवीन पार्ट तो स्वतः आणत नाही. सिगारेटच्या पाकिटावर नाव लिहून देतो, "तुमीच आना." कारण स्पेअरच्या दुकानांत मिस्त्रीचं कमिशन चालतं, हे गिऱ्हाइकाला माहीत आहे, हे त्याला माहीत आहे. तरी पाकीट घेऊन जाताना माझ्या मनात येतंच, की याच दुकानात का बरं पाठवलं असेल?

1 एप्रिल 2020 पासून नवीन गाड्या बीएस सहाच्या झाल्या आणि बहुतेक दुचाकींचा कार्ब्युरेटर गेला. जेट काढायचा, फुंकर मारायची, कानानं ट्युनिंग करायचं, हे सगळं आता जुन्या गाड्यांपुरतं. मिस्त्रीनंही स्कॅनर घेतलाय. वायर जोडली की पडद्यावर कोड उमटतो. आयटीआय करून आलेला पोरगा तो वाचतो. मिस्त्री मात्र अजून पेचकस कानाला लावून पडताळा घेतो. त्याची अडचण वेगळीच आहे. "सेन्सर गेला म्हनून सांगतो, पन हातात काय देऊ जी? झिजलेला दिसतच नाई." बंद पडलेली चेतक 2020 मध्ये विजेवर परत आली, तेव्हा त्यानं ती चारी बाजूंनी पाहिली. जुनी चेतक आडवी करून किक मारायला लावणारा हा माणूस. म्हणाला, "खोलाले काईच नाई याच्यात."

इतका खरा माणूस, पण पैशांपुरताच. वेळेच्या बाबतीत याच्याइतका सराईत खोटारडा सगळ्या विदर्भात सापडायचा नाही. 'संध्याकाळी या' म्हणतो, तेव्हा कोणती संध्याकाळ ते सांगत नाही. फोन केला तर "बस, तुमचीच खोलून राहिलो," आणि मागून ऐकू येते शेजारच्या टपरीवरची कपबशी. रुपयाचा हिशेब चुकला तर घरी आणून देईल, दिवसांचा कधी देणार नाही. मी चिडत नाही. कॅलेंडर दोन वर्षांपूर्वीचं आहे. त्याच्या हिशेबानं मीच लवकर आलेलो असतो.

सोमवारी स्कूटर दिलीय. 'छोटंसं काम हाय' म्हणाला होता. आज गुरुवार. उद्याही मी मेट्रोनंच ऑफिसला जाणार आहे.