मेहरबान फर्मवेअर-लेखक साहेब, मुक्काम अज्ञात, यांस

साहेब,

मालेगाव, जिल्हा वाशीम, येथील तहसील कचेरीच्या आवारात लिंबाखाली टेबल मांडून बावीस वर्षे लोकांची खरेदीखते, बक्षीसपत्रे, वाटणीपत्रे आणि वारसनोंदीचे अर्ज लिहीत आलेला एक अर्जनवीस आपल्या खिदमतीत हा मजकूर सादर करीत आहे. (हे मालेगाव नाशिककडचे नव्हे. हा खुलासा आपल्या कुरियरवाल्यासाठी. त्याने माझे पार्सल एकदा तिकडे फिरवून आणले आहे.)

गेल्या महिन्यात एका सायंकाळी, कचेरी सुटण्याच्या सुमारास, संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात एक पट्टी उघडली आणि माझ्या एस.एस.डी.करिता नवे फर्मवेअर आले असून त्यायोगे तिचे स्थैर्य वाढेल, असे तिने मोठ्या अदबीने कळविले. स्थैर्याचा लोभ माझ्या वयाच्या माणसास सुटत नाही. मी होकाराचे बटण दाबले. यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झाले, आणि तेव्हापासून त्या डिस्कने जे स्थैर्य धारण केले आहे ते पाहून एखाद्या समाधिस्थ योग्यासही हेवा वाटावा.

उपचारांत कसूर केली नाही. केबल बदलली, पोर्ट बदलले, रात्रभर वीज तोडून ठेवली (आमच्याकडे त्यासाठी निराळे श्रम पडत नाहीत), बसस्थानकासमोरच्या दुरुस्तीवाल्याच्या यंत्रास जोडून पाहिली. बायोसच्या यादीत ती दिसते, परंतु कंपनीने ठेवलेल्या नावाने नव्हे. आतल्या कंट्रोलरचे कसलेसे सांकेतिक नाव ती सांगते आणि क्षमता विचारली तर शून्य. जुनी फिरती हार्ड डिस्क निदान मरणापूर्वी चार दिवस खटखट करी, निरवानिरवीस सवड देई. हिने हूं की चूं केले नाही.

दुरुस्तीवाला पोरगा म्हणाला, “काका, मजकूर कुठंच नाही गेला, आत चिपातच हाय. फक्त कोणता कुठं ठेवला ते टेबल फर्मवेअरले वाचता येऊन नाही राह्यलं.” हे मला जितके चटकन उमगले तितके एखाद्या अभियंत्यासही उमगले नसते. फ्लॅश चिपात लिहिलेले पान जागच्या जागी खोडून दुरुस्त करता येत नाही, म्हणून कंट्रोलर नवा मजकूर निराळ्याच जागी टाकतो आणि त्याचा फेरफार आपल्या तक्त्यात नोंदवितो. म्हणजे साहेब, आपण त्या चिपांचे तलाठी. जमीन जागेवर, बांध जागेवर, विहिरीस पाणीही आहे. फक्त सात-बारा आणि गटनकाशा यांचे दप्तर नव्या तलाठ्यास वाचता येईना, आणि त्याने सगळे गावच बेवारस म्हणून जाहीर केले!

आपल्या मदतकक्षाने प्रथम डिस्क इनिशियलाइज करून फॉरमॅट मारण्याची आज्ञा केली, म्हणजे उरलेले बांधही नांगरून टाकण्याची. मी ती मानली नाही. मग बॅकअप घेतला होता का, अशी विचारणा झाली. घेतला नव्हता. घ्यावयास हवा होता. त्यानंतर मेहेरबानी म्हणून असे कळविण्यात आले की, हमी वस्तूची आहे, माहितीची नाही. जुनी डिस्क पाठवा, नवी कोरी मिळेल.

कोरी! नोंदणी झालेले दस्त दुय्यम निबंधकाकडे सुखरूप आहेत, त्यांची मला फिकीर नाही. पण मेडशीकडच्या एका म्हातारीने दोन दुपारी माझ्यासमोर बसून, बोटांची पेरे मोजीत, तीन पिढ्यांची वंशावळ तोंडी सांगितली होती, धाकट्या मुलाच्या नावापाशी येऊन ती थांबली, पदराने तोंड पुसले, आणि मग म्हणाली, “लिहा, मयत.” ते कागद आपल्या शून्य क्षमतेत गेले. मी तिला पुन्हा मेलेली माणसे मोजावयास बसवू काय? त्या हमीपत्रावर ज्याची सही आहे त्याने इथे येऊन बसवावे!

चौथ्या शतकात याच जिल्ह्यातील वत्सगुल्माहून, म्हणजे आजच्या वाशीमहून, वाकाटक नृपती दुसरा विंध्यशक्ती याने नांदेडकडील एका गावाचे दानपत्र तांब्यावर कोरवून दिले. तोही दस्तच, आरंभी वंशावळ, पुढे जमिनीचा तपशील. ते ताम्रपट वाशीमलाच सापडले आणि जाणत्यास आजही वाचता येतात. सोळा शतकांत त्यांना एकही अपडेट आले नाही.

तथापि, राग ओसरल्यावर मी थोडी चौकशी केली. नोव्हेंबर २०१९ मध्ये ह्यूलेट पॅकार्ड एंटरप्राइज या कंपनीस जाहीर करावे लागले की, तिच्या काही सर्व्हर-डिस्का ३२,७६८ तास चालल्यावर, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तासांनी, आतल्या माहितीसकट कायमच्या निकामी होतील. तोड एकच, नवे फर्मवेअर. ३२,७६८ म्हणजे दोनाचा पंधरावा घात. तास मोजणाऱ्या खान्यात पुढचा आकडा मावला नसावा, हा उघड कयास. २०१२ साली क्रुशियलच्या एम-४ डिस्का ५,१८४ तासांनी अशाच गोठू लागल्या होत्या, आणि त्यांनाही फर्मवेअरनेच सोडविले. म्हणजे अपडेट घ्यावे तरी मरण, न घ्यावे तरी मरण; आणि दोन्हींच्या मध्ये, रात्री उशिरा, तगाद्याखाली वाकलेले आपण.

साहेब, एक गोष्ट मी कचेरीत कोणास सांगितलेली नाही. माझ्या उमेदवारीच्या दुसऱ्या वर्षी एका खरेदीखतात गट नंबर १७४ च्या जागी माझ्या हातून १४७ पडला. चूकदुरुस्तीचा दस्त पुढे झाला, पण तोवर दोन भाऊ कोर्टात गेले होते आणि एकमेकांच्या दारची वाट विसरले होते. त्यातला थोरला अजून बाजाराच्या दिवशी माझ्या टेबलावरून जातो आणि रामराम करतो. त्या रामरामाने मला जे होते ते आपणासही कधी तरी होत असावे, अशी माझी समजूत आहे.

जुनी डिस्क मी पाठविणार नाही. ती मुद्रांकांच्या पत्र्याच्या पेटीत, पिशवीत बांधून ठेवली आहे. पुढल्या मंगळवारी म्हातारी येणार आहे; तिला काय सांगावे, ते कळविण्याची कृपा व्हावी. या पत्राच्या कार्बन लावून तीन प्रती काढल्या आहेत.

आपला,
एक अर्जनवीस