कार्यकारिणीचा रूट कॅनल

माझी ईमेल खाती चार. पहिलं सायबर कॅफेच्या काळातलं. त्याच्या पत्त्यात ‘कूल’ हा शब्द असल्यामुळे तो आता चारचौघांत उच्चारवत नाही. दुसरं ऑफिसचं. तिसरं बँक, विमा, वीजबिल अशा गंभीर पत्रव्यवहाराचं. चौथं सोसायटीच्या सचिवाचं, जे पदाबरोबर वारशाने येतं आणि ज्याचा पासवर्ड आधीच्या सचिवांच्या कुत्र्याच्या नावाने आहे. प्रत्येक खात्याला स्वतःचं कॅलेंडर, प्रत्येक कॅलेंडरला स्वतःची घंटा, आणि खिसा मात्र माझा एकटाच.

पाण्याची टाकी धुण्याची नोंद तीन खात्यांत होती, म्हणून टाकी तीनदा वाजायची. एक घंटा दाबली की दुसरी ‘मला कुठे सांगितलंत?’ अशा थाटात सुरू. मला वाटायचं, वर कुठेतरी सर्व्हरवर बसलेला कुणी भला माणूस आठवण करून देतो. तसं काही नसतं. या नोंदींसाठी आयकॅलेंडर नावाचं प्रमाण १९९८ मध्ये ठरलं, २००९ मध्ये सुधारलं. त्यात गजर म्हणजे नोंदीच्या पोटात घातलेली चिठ्ठी. अमुक मिनिटं आधी वाजव, एवढंच तिच्यात लिहिलेलं. वाजणं-न वाजणं ज्याच्या-त्याच्या फोनच्या मर्जीवर. आणि एकच नोंद दोन खात्यांत भरली की त्या दोन वेगळ्या नोंदी. एकीला गप्प केल्याचं दुसरीला कळत नाही. हे ज्ञान मी रात्री दीडला मिळवलं आणि सकाळी चहाबरोबर बायकोला दिलं.

“टाकी धुवून झाली का?” तिने विचारलं.

ऑफिसच्या खात्याचं घड्याळ सिंगापूरचं, कारण साहेब सिंगापूरचे. ते आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. त्या खात्यात मी बँकेच्या लॉकरचं काम ‘सकाळी ११’ म्हणून टाकलं आणि फोनने ते इमानदारीने साडेआठ केलं. मला अकराच ठाऊक होते. पण यंत्र खोटं कशाला बोलेल? बंद शटरसमोर वॉचमनने मला चहा पाजला. तोही कुणाकडे तरी कामाला असल्यामुळे त्याला माझी कणव आली असावी.

सासूबाईंच्या वाढदिवसाला प्रकरण नात्यापर्यंत पोचलं. दिवसभराची नोंद रात्री बाराला सुरू होते. तिला ‘दहा मिनिटं आधी’चा गजर लावला, तर तो आदल्या रात्री अकरा पन्नासला वाजणार. गणित चोख आहे. अर्धवट झोपेत मी तेव्हाच फोन लावला. एवढ्या रात्री जावयाचा फोन म्हटल्यावर सासूबाईंनी आधी देवाजवळ दिवा लावला, मग मेहुण्याला उठवलं आणि मग फोन घेतला.

“जावईबापू, माझा वाढदिवस तिथीने असतो,” त्या म्हणाल्या. “गेल्या आठवड्यात झाला. तुमचा फोन नव्हता आला.”

ज्येष्ठ वद्य पंचमी. फोनला ‘दरवर्षी’ म्हणजे तारीख एवढंच कळतं. चिनी किंवा हिब्रू पंचांगाप्रमाणे नोंद फिरवण्याची सोय २०१५ साली प्रमाणात आली म्हणे. आपलं सरकारी राष्ट्रीय पंचांग २२ मार्च १९५७ पासून आहे. पण ते सौर. त्यात ज्येष्ठ आहे, वद्य पंचमी नाही. शिवाय तिथीच्या पंचांगात २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ, म्हणजे ज्येष्ठ दोन! कोणत्या ज्येष्ठात फोन करायचा, हे मेहुण्याकडून लेखी घेतलं आहे.

त्या रात्री मी एकत्रीकरण हाती घेतलं. सगळ्या नोंदींच्या प्रती गंभीर खात्यात ओढल्या आणि बाकी खात्यांच्या घंटा साफ बंद केल्या. घरात इतकी शांतता झाली की फोन पाण्यात पडला का, अशी चौकशी झाली.

आणि दाढ दुखू लागली. दंतवैद्यांनी गुरुवारी पाचची वेळ दिली. कार्यकारिणीची सभाही गुरुवारी पाचलाच होत असल्यामुळे, टाईप करायचा कंटाळा म्हणून मी तिचीच सोसायटीच्या खात्यातली जुनी नोंद डुप्लिकेट केली आणि नाव बदलून ‘रूट कॅनल’ ठेवलं. फोनने काहीतरी विचारलं. फोनच्या प्रत्येक प्रश्नाला मी ‘हो’ म्हणतो. वाद कशाला घाला? प्रश्न असा होता, की निमंत्रितांना कळवू का.

उत्तरं सोसायटीच्या खात्यात जमत गेली, आणि त्या खात्याचं तोंड मी बांधलेलं. तळमजल्यावरच्या काकांनी ‘येणार’ कळवलं. दुसऱ्या मजल्याने ‘कदाचित’. अध्यक्षांनी लिहिलं, कॅनल ड्रेनेजला जोडणार असाल तर आधी सर्वसाधारण सभेची मंजुरी लागेल. खजिनदारांनी तीन कोटेशनशिवाय पैसे सुटणार नाहीत असं बजावलं.

गुरुवारी साडेचारच्या सुमारास इमारतभर घंटा वाजल्या. एक माझाच फोन गप्प, आणि मी गालावर हात ठेवून सोफ्यावर गाढ झोपलेलो.

दार वाजलं. तळमजल्यावरचे काका इस्त्रीचा शर्ट घालून, काखेत फाईल, हातात मोजपट्टी घेऊन उभे होते.

“चला सचिव,” ते म्हणाले, “जागा दाखवा.”

मी आ केला.