भाचेबुवांच्या सामानाबाबत

प्रति,
चि. भाचेबुवा,
नवनियुक्त लिपिक-टंकलेखक,
मु. पो. नेवासा.

विषय : पहिल्या नोकरीसाठी मागवलेल्या साहित्याबाबत.

संदर्भ : १) तुझ्या आईचा काल रात्रीचा फोन. २) तुमच्या ओसरीवर रचलेली चार खोकी. ३) पाचवं खोकं, वाटेत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, तुझी खरेदी पाहून मामाचा ऊर भरून आला आहे. हे पत्र खुलं लिहितो आहे, कारण बंद पाकिटात घातलं तर तू आधी त्याच्या अनबॉक्सिंगचा व्हिडिओ करशील आणि वाचायचं राहून जाईल.

तुझ्या ऑफिसची वेळ सकाळी पावणेदहाची. २९ फेब्रुवारी २०२० पासून सरकारने पाच दिवसांचा आठवडा दिला आणि त्या बदल्यात दिवस ताणून ९.४५ ते ६.१५ केला. म्हणजे तुला नेवासा फाट्यावर साडेसातच्या आसपास उभं राहायचं आहे. वडाळा, घोडेगाव, पांढरीपूल, मग इमामपूरचा घाट, मग नगरचं तारकपूर स्टँड. साठेक किलोमीटर, आणि तेवढेच संध्याकाळी परत. हे तुला ठाऊक आहे, तरी मुद्दाम लिहितो, कारण तुझं सामान पाहून वाटतं की तू साडेसातला फाट्यावरून विमान पकडणार आहेस.

आधी त्या सॅकचं अभिनंदन. सतरा कप्पे, बाहेरून मोबाइल चार्ज करायचं भोक, आणि आकड्यांचं कुलूप. कुलूप! अरे, आपल्याच तालुक्यात शनिशिंगणापूर आहे. तिथे परंपरेने घरांना दारं नसतात, आणि २०११मध्ये युको बँकेने शाखा काढली तीसुद्धा बिनकुलपाची म्हणून पेपरात छापून आली. त्या तालुक्याचा लिपिक डब्यातल्या मेथीच्या भाजीला तीन आकडी कुलूप लावून निघाला आहे. कंडक्टरने ओळखपत्र मागितलं की तू आकडा आठवत बसशील आणि मागून चार जण आठवण करून देतील, आकड्याची नव्हे, तुझ्या पूर्वजांची. शिवाय ती सॅक पाठीवर घेऊन लालपरीच्या दारातून आत शिरून दाखव. तू आत जाशील, सॅक नेवाशातच राहील.

आता कमरेची उशी. खुर्चीला बांधायची, मणक्याला आधार देणारी. आपल्या गावात बैठ्या कामाची परंपरा मोठी आहे, हे तुला शाळेत सांगितलं असेल. शके १२१२, म्हणजे १२९० साली ज्ञानेश्वरी इथे सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. आख्यायिका अशी की बाबांना ज्ञानदेवांनी मरणातून परत आणलं आणि ते लिहायला बसले. म्हणजे रुजू होण्यापूर्वी खरेदीला सवड मिळाली असेल असं दिसत नाही. बोरू, शाई आणि ऐकणारा कान, एवढ्यावर सुमारे नऊ हजार ओव्या उतरल्या. सांगणाऱ्याच्या पाठीला दगडी खांब. तो अजून उभा आहे, पैसाचा खांब. दुर्गाबाई भागवतांनी त्यावर लिहिलं, पुस्तकाचं नावच ‘पैस’ ठेवलं, आणि १९७१चा साहित्य अकादमी पुरस्कार त्या पुस्तकाला मिळाला. तुझी उशी परत पाठवली तर निदान पैसे तरी मिळतील. कारण तुला जी खुर्ची मिळणार आहे, तिचा एक हात तुझ्याआधीच सेवानिवृत्त झालेला असेल. उशी बांधायची कशाला?

हसू नकोस. १९९१ साली मीही असाच निघालो होतो. कोरी करकरीत रेक्झिनची बॅग, आडवी, साहेबी, चाप ‘खटक’ असा वाजणारा. त्या आवाजासाठीच घेतली होती. तुझ्या आजीने ॲल्युमिनियमच्या डब्यात शेंगदाण्याची आमटी दिली. बॅग एसटीच्या वरच्या कॅरियरवर आडवी ठेवली. इमामपूरच्या घाटात खालच्या माणसाने वर पाहिलं, मग स्वतःच्या टोपीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आमटी टोपीवर गेली याची मला तक्रार नव्हती. बॅगेत माझी दहावीची मूळ गुणपत्रिका होती. रुजू व्हायला गेलो तेव्हा मोठ्या बाबूंनी ती दोन बोटांत उचलून धरली आणि वास घेऊन म्हणाले, “लसूण जरा जास्त झालाय.” माझ्या सेवापुस्तकात त्या गुणपत्रिकेची झेरॉक्स चौतीस वर्षं होती. झेरॉक्समध्ये पिवळा डाग काळा येतो. गणिताचे गुण त्याच्याखाली होते, एवढीच काय ती त्या आमटीची मेहेरबानी.

तेव्हापासून मी सामानाकडे एकाच नजरेने पाहतो : घाटात आडवं झालं तर काय होईल? तुझा तो तीन मजली काचेचा डबा या परीक्षेत पहिल्याच वळणावर नापास आहे. चापाचा गोल स्टीलचा डबा घे, आणि आईला सांग, सोमवार ते शुक्रवार कोरड्या भाज्या. पातळ भाजी शनिवारी-रविवारी घरी. जेवायला अर्धाच तास असतो, त्यात काच धुणार कधी?

बाटलीचं तेच. दुहेरी भिंतीची, चोवीस तास पाणी गार ठेवणारी, रिकामीच अर्धा किलो. एक लिटर पाणी एक किलो, म्हणजे दीड किलो वजन खांद्यावर टांगून तू जिथे जाणार तिथे कोपऱ्यात पाण्याचा जार असतो. १९५४ ते ५६ या काळात पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी आपल्या नेवाशाच्या टेकाडावर खणलं, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीची तोटीची भांडी निघाली, लाल, वर काळी नक्षी. संगमनेर तालुक्यातल्या जोर्व्याचं नाव आहे त्या घडणीला. तीन हजार वर्षांत प्रवराकाठच्या माणसाला पाण्याचं भांडं इतकं महाग पडलं नव्हतं.

कपड्यांचा विषय नाजूक आहे, कारण तिथे सरकारही चुकलं होतं. डिसेंबर २०२० मध्ये परिपत्रक निघालं : जीन्स नको, टी-शर्ट नको, स्लिपर नको, शुक्रवारी खादी घाला. काही महिन्यांत जीन्सला माफी मिळाली, टी-शर्ट तेवढा अडकला. तू पाच पांढरे शर्ट मागवलेस. नेवासा-नगर रस्ता, उघडी खिडकी आणि पांढरा शर्ट! तारकपूरला उतरशील तेव्हा परिपत्रकाला कुठलाच रंग ओळखता येणार नाही. फिकट निळे, राखाडी, बारीक चौकड्यांचे घे. निव्वळ सुती नको, गर्दीत त्याचा बोळा होतो. टेरीकॉट चालेल. नगरच्या कापडबाजारात मापाने शिवून दोन पँटी होतील, त्याही एकाच गडद रंगाच्या. रोज तीच पँट घालतोस हे फक्त तुला कळेल.

बूट संध्याकाळी घ्यायचे असतात. दिवसभरात पाय सुजतात, सकाळी नेमका बसलेला बूट घरी येताना चावतो. तू रात्री अकरा वाजता अंथरुणात पडून, पाय वर करून घेतलेस. तेही पांढरे. तोडणीच्या दिवसांत उसाच्या ट्रॉल्या फाट्यावर जो काळा चिखल आणून सोडतात, त्याला पांढऱ्या बुटाचं भारी वेड आहे.

आता या सगळ्याचे हप्ते. पहिला पगार पहिल्या महिन्यात मिळतो असं तुला कोणी सांगितलं? पगाराच्या सेवार्थ प्रणालीत नाव चढायचं, कागद वरखाली व्हायचे, बिलं निघायची. मधले दोन-तीन महिने तू आईकडूनच तिकिटाचे पैसे नेणार आहेस. हप्ता मात्र पाच तारखेला न चुकता येईल. त्याला तुझ्या कार्यालयाची वेळ लागू नाही.

एक वस्तू मात्र तुझ्या पाचही खोक्यांत नाही. रुमाल. तोंड पुसायचा नव्हे, तो दुसरा. मोठा, सुती, चौकडीचा, शक्यतो जुना. गाडी फाट्यावर पुरती थांबायच्या आत तो खिडकीतून सीटवर पडला पाहिजे. खांद्यातून न फेकता मनगटातून सोडायचा. डाव्या बाजूची, मागून तिसरी किंवा चौथी खिडकी धर. पुढच्या सगळ्यांना दिसतात म्हणून भरतात, अगदी मागच्या उडवतात. रुमालावर कोणी बसलाच तर भांडायचं नाही, “काका, तेवढा रुमाल द्या” म्हणायचं. निम्मे लोक उठतात. उरलेल्या निम्म्यांच्या शेजारी घाट लागेपर्यंत उभं राहायचं, बहुतेक जण पांढरीपुलाला उतरतात. चौतीस वर्षांत माझे अकरा रुमाल खर्ची पडले, आणि मी बहुतेक प्रवास बसून केला.

बाकी तुझं निळं बॉलपेन ठीक आहे, एकाऐवजी चार ने. मागणाऱ्याला टोपण काढून घेऊन द्यायचं, म्हणजे परत येतं. हिरव्या शाईचं मात्र काढून टाक. ती साहेबांची असते.

सबब, खोकी क्रमांक १, २ व ४ परत करण्यात यावीत. खोकं क्रमांक ३ मधली छत्री ठेवावी, ती बरी दिसते.

आपला विश्वासू,
मामा
(सेवानिवृत्त)

प्रत :
१) तुझी आई. पाचवं खोकं आल्यास न फोडता परत पाठवण्याच्या कार्यवाहीसाठी. सोबत माझा एक रुमाल, धुतलेला.
२) तुझे वडील. माहितीसाठी. (वाचणार नाहीत. प्रत क्रमांक १ कडून कळेल.)
३) निवडनस्ती.