गोणी उचलल्यावरचा भाव

मार्केट यार्डात कांद्याचा भाव सकाळी फुटतो आणि शहाणपण दुपारी. गाळ्यावर कटिंग आली की विषय निघतो पुणेरी पलटणचा.

ऑक्टोबर 2023 मध्ये पलटणने इराणचा मोहम्मदरेझा शादलू 2 कोटी 35 लाखांना घेतला. प्रो कबड्डीत परदेशी खेळाडूला तोवर एवढा भाव मिळाला नव्हता. तेव्हा गाळ्यावर एकमत होतं, "पाय धरायला एवढे पैसे? ते काम फुकट करणारे आपल्याकडे कमी आहेत का?" 1 मार्च 2024 ला पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28-25 हरवून पहिलं विजेतेपद घेतलं. तीच मंडळी म्हणाली, "आम्ही लिलावाच्या दिवशीच सांगितलं होतं!"

पुढच्या लिलावाआधी पलटणने त्याला सोडलं. हरलेल्या हरियाणानेच तो 2 कोटी 7 लाखांत उचलला आणि 29 डिसेंबरला करंडक नेला, तोही आपल्या बालेवाडीतून.

आता "सोडा त्याला" म्हणणारा माणूस यार्डात औषधालाही सापडत नाही. पाठीवर गोणी घेतलेला एक हमाल जाता जाता टोमणा मारतो, "शेठ, 2017 ला आयपीएलमध्ये पुण्याने घेतलेला साडेचौदा कोटींचा बेन स्टोक्सपण तुम्हाला महागच वाटलेला. शेवटी स्पर्धेतला सर्वोत्तम तोच ठरला ना?"

"तो विषय वेगळा," शेठ गरजतात.

आडत, हमाली, तोलाई, सगळ्याचे दर ठरलेत. पश्चातबुद्धीवर तेवढा सेस नाही. लावला, तर यार्डातले खड्डे एका हंगामात बुजतील.